जिममध्ये नेलेला पाट

मी जाड आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारा उगीच वाट बघत बसतो. 'अंगानं भरलेली', 'खात्यापित्या घरची', 'बाळंतपणानंतर जरा सुटली' हे सगळं ऐकून झालंय. त्या बाळंतपणातली लेक आता लग्नाची झाली, तरी माझं सुटणं काही थांबलेलं नाही. हैदराबादला काचीगुड्यात आमच्या गल्लीत भाजी विकणारी बाई मला 'मोटी अम्मा' म्हणते, तेही इतक्या प्रेमानं की रागावलं तर आपणच वाईट दिसू.

जाड असण्याचा मला तसा जाच नव्हता. जाच होता तो खाली बसून उठण्याचा.

झालं काय, की नणंदेकडे सत्यनारायण होता. सगळ्यांसारखी मीही सतरंजीवर बसले. कथा झाली, आरतीला सगळे उभे राहिले आणि मी आपली खालीच. एक हात जमिनीला टेकला, दुसरा भिंतीकडे नेला, तर भिंत लांब. शेवटी दोघींनी दोन दंड धरले, तिसरीनं मागून ढकललं. "क्रेन मागवा गं," कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. घरी आल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडले. ह्यांना वाटलं, बाई कपडे धुतेय.

तेव्हापासून मी कुणाकडे खाली बसायचीच बंद झाले. हळदीकुंकू असो की बारसं, "तुम्ही बसा गं, मी पाहुण्यांचं बघते" म्हणायचं आणि उभंच राहायचं. लोक म्हणायचे, काय कामाची बाई आहे! कामाची कसली डोंबलाची.

मग लेकीचं लग्न ठरलं. मुलगा नांदेडचा, लग्न इकडेच, माघात. याद्या, साड्या, फंक्शन हॉल असं बोलता बोलता लेक हळूच म्हणाली, "आई, कन्यादानाला तुझ्यासाठी चेअर ठेवू या ना. माझ्या फ्रेंडच्या मम्मीनं तसंच केलं. कव्हर घातलं की छान दिसते."

तव्यावरची पोळी तशीच राहिली.

"खुर्चीवर? मी काय नवरदेवाच्या ऑफिसातली साहेबीण आहे? तुझं कन्यादान मी पाटावर बसून करणार. आणि पाटावरून माझी मी उठणार. कुणी हात लावायचा नाही, आत्ताच सांगून ठेवते!"

"उठशील गं," हे पेपरामागून म्हणाले, "त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी."

पोळी करपली. पण बोलून बसले होते, आता माघार कशी घेणार?

चिक्कडपल्लीला एका बेकरीच्या वर बायकांसाठी जिम आहे. वर जिम, खाली बेकरी, हे ज्याला सुचलं त्याला नमस्कार आहे. मी दुपारी जिमला म्हणून निघायची. जिन्यापाशी पोचायची. वरून धाडधाड गाणी यायची, काचेतून उड्या मारणाऱ्या सडपातळ सावल्या दिसायच्या, आणि माझे पाय पहिल्या पायरीपाशीच अडायचे. या अंगानं त्या मुलींत जाऊन मी काय उड्या मारणार? त्या पळायच्या पट्ट्यावर चढले नि पट्टाच बंद पडला तर? मग कुणी विचारायच्या आत मी वळायची आणि इथवर आलोच आहोत म्हणून बेकरीतून गरम उस्मानिया बिस्किटं घ्यायची. घरी चहाबरोबर खायची. असं किती दिवस चाललं ते विचारू नका. जिमला न जाता जिमपायी वजन वाढवणारी हैदराबादेत मी एकटीच असेन.

मग मी स्वतःच मुहूर्त काढला. दसरा. दसऱ्याला काही पंचांग बघावं लागत नाही, नव्या कामाला त्याहून चांगला दिवस कोणता? मनाशी घट्ट केलं, की आता विजयादशमीला जिना चढायचा म्हणजे चढायचा.

दसऱ्याला सकाळी उठून घरातली पूजा केली. विळी, सुरी, मिक्सर, शिलाई मशीन, ह्यांची स्कूटर, सगळ्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातले. हे स्कूटर काढायला गेले तर त्यांनाही दम भरला, "आज हत्याराला हात नाही लावायचा, एवढंही कळत नाही?" आणि मग आत जाऊन लेकीनं आणलेली काळी ट्रॅकपँट चढवली, ह्यांचा ढगळ टीशर्ट घातला, पायात पांढरे बूट, वरून ओढणी घट्ट गुंडाळली आणि रिक्षात बसले.

स्कूटरीला आज हात लावायचा नाही, हे नवऱ्याला सांगणारी मीच. पण जिममध्ये काय असतं, तर यंत्रंच की! हे डोक्यातच आलं नाही. शपथ.

देवाचं नाव घेत जिना चढले, दार ढकललं, तर काय! गाणी नाहीत, उड्या नाहीत. सगळ्या बायका रेशमी साड्या नेसून, केसांत मोगरा माळून उभ्या. प्रत्येक मशीनला झेंडूची माळ. पट्ट्याच्या चारी कोपऱ्यांना लिंबं. दारात कोहळा फोडायला ठेवलेला. आणि अख्ख्या जिममध्ये कसरतीच्या कपड्यांत आलेली एकटी मी!

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी वळले. तेवढ्यात शिकवणाऱ्या मुलीनं हाक मारली. तेलुगू पोरगी, माझ्या लेकीच्याच वयाची, दंडावर ही एवढी बेडकी, आणि त्या बेडकीवर पैठणी काठाचं ब्लाऊज.

"आइए आंटी! आज मशीनां को आराम है. पूजा के बाद खाना है, बैठो."

बैठो! नेमकं तेच नको होतं.

कोपऱ्यात माझ्याएवढीच, किंबहुना दोन बोटं जास्तच, अशी एक बाई हातात मिठाईचा डबा घेऊन उभी होती. बुरखा खुंटीला, अंगावर जरीचा ड्रेस. कोठी नावाच्या मोहल्ल्यात राहते, हे मागाहून कळलं. ती माझ्याकडे निरखून बघत होती. मग एकदम म्हणाली, "आप वो बिस्किट वाले अम्मा हैं ना?"

मला कळेचना.

"खिडकी में से रोज देखते थे हम लोगां," ती म्हणाली. "जिने तक आते, बिस्किट लेके चले जाते. रोज बोलते थे, आज चढ़ते कि नई चढ़ते, आज चढ़ते कि नई चढ़ते. देखो, चढ़ गए!" आणि तिनं खरोखर टाळ्या वाजवल्या. रेशमी साड्यांनीही वाजवल्या.

म्हणजे ज्या बघण्याला मी भीत होते, ते तर रोज होऊन गेलं होतं! सगळ्यांनी मला बघितलं होतं, पुढून, मागून, बिस्किटांच्या पुड्यासकट. आणि वरती सगळ्या माझी वाटच बघत होत्या. मला लाज वाटली, हसू आलं, आणि खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणीही आलं.

तिकडे पूजेचं ताट हातात घेऊन त्या पोरींचा गोंधळ चालला होता. आधी हळद की आधी कुंकू, इथूनच वाद. मला काही ते बघवेना. "इकडे आण ते," म्हणून मी ताट ओढून घेतलं, बूट काढले, ओढणी कमरेला खोचली आणि लागले कामाला. पट्ट्याला हळदकुंकू, सायकलला हळदकुंकू. एकेका मशीनपाशी ती पोरगी नाव सांगायची, ही खांद्याची, ही मांडीची, आणि मी देवीला लावावं तसं बोट टेकवायची. ज्यांना महिनाभर घाबरले त्या सगळ्यांना एकेक करून हात लावून झाला. शेवटी कोपऱ्यात वजनाचा काटा दिसला. त्याला दोन बोटं कुंकू जास्त लावलं आणि हात जोडले, "बाबा रे, सांभाळून घे." मराठी कुणाला कळलं नाही, पण सगळ्या हसल्या. कोहळा फुटला. मग चिंचेचा भात, लाडू, कोठीवालीच्या डब्यातली मिठाई. जिमच्या पहिल्या दिवशी मी दोन वेळचं जेवून घरी आले. उभ्यानंच.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा त्या मुलीनं विचारलं, "आंटी, क्या होना आपको? वेट लॉस?"

"उठना होना," मी म्हटलं. आणि तिला सगळं सांगितलं. सत्यनारायण, क्रेन, लेकीचं लग्न, खुर्ची, सगळं. ती हसली नाही. "पाट कितना ऊँचा रहता?" एवढंच तिनं विचारलं.

आता हे तिला शब्दांत काय सांगणार? मी घरचा पाटच नेला. सागवानी, पितळी फुल्यांचा, माझ्या लग्नातला. काखेत पाट मारून चिक्कडपल्लीच्या बाजारातून चालले की दुकानदार विचारायचे, "अम्मा, पूजा है क्या?" मी म्हणायची, "हौ, रोज है."

आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. मग स्टुलावरून. मग त्या मुलीनं जाड गाद्या पाटावर रचल्या आणि जसजसं जमायला लागलं तसतशी एकेक गादी काढत गेली. मांड्या अशा भरून यायच्या की घरी कमोडवर बसताना 'आई गं' व्हायचं. हे बाहेरून विचारायचे, "कोण आलंय?"

एकदा उठता उठता तोल गेला आणि मी सरळ मागे, गादीवर उताणी. पाय वर. मग कोठीवाली पट्ट्यावरून म्हणाली, "अम्मा, वो भी अच्छी कसरत है, कल हम भी करते." मला असं हसू फुटलं की उठता येईना, आणि मला उठवायला आलेली तीसुद्धा हसता हसता शेजारी बसली. नणंदेकडेही मी हसलेच होते. पण त्या दिवशी घरी जाऊन नळ सोडावा लागला नाही.

वजन म्हणाल तर काट्यानं फारसं सांभाळून घेतलं नाही. कुंकू फुकट गेलं. पण संक्रांतीच्या आसपास एका दुपारी शेवटची गादी निघाली, मी नुसत्या पाटावर बसले, पाय जवळ घेतले, पुढे झुकले आणि उठले. उठले! कुठे हात नाही, कुणाचा दंड नाही. ती मुलगी ओरडली, कोठीवालीनं पट्टा बंद केला. मी परत बसून परत उठले, खरंच झालं का ते बघायला.

घरी कुणाला बोलले नाही. म्हटलं, बघतीलच.

लग्नाच्या दिवशी नऊवारी, अंगावर दागिने, डोक्यावर दिव्यांचा भगभगीत उजेड. समोर भरलेला हॉल, पहिल्याच रांगेत नणंद. मधल्या रांगेत जिमची फौज, ती पोरगी पुन्हा पैठणी काठात, कोठीवाली जरीत. आमच्या मागे लेकीनं गुपचूप एक खुर्ची ठेवलेली होतीच, पांढरं कव्हर घालून. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

ह्यांच्या शेजारी पाटावर बसले. लेकीचा हात जावयाच्या हातात दिला, वरून पाणी सोडलं, तेव्हा डोळे वाहायला लागले ते थांबेनात. गुरुजी म्हणाले, "उठा आता, यजमान."

दोन भाचे धावले. मी हातानंच त्यांना थांबवलं. पाय जवळ घेतले. पाय तेच, जिन्यापाशी अडायचे ते. मधल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "चढ़ो अम्मा!"

आणि मी उठले. सरळ. पदर जागच्या जागी.

लेकीनं माझ्याकडे असं बघितलं की तिच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं. "आई, कधी शिकलीस?" ती पुटपुटली. मी काही सांगणार तोच खालून आवाज आला, "अगं, मला कुणी उठवतंय का?" भाचे धावलेलेच होते, त्यांनी दोन्ही दंड धरून ह्यांना वर काढलं. हे धापा टाकत मागे सरकले आणि त्या पांढऱ्या कव्हरच्या खुर्चीवर जाऊन बसले.

तेवढ्यात व्हिडिओवाला पुढे आला. बिचारा घामाघूम झाला होता. "मेडम, सॉरी, बीच में बच्चे आ गए. आपका उठना पूरा नई आया. एक बार और होता क्या? साब भी साथ में..."

"मी नाही बा," हे खुर्चीतून म्हणाले, "तिला एकटीला घ्या."

गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले. नणंद मान उंच करून बघत होती. दिवा माझ्या तोंडावर होता आणि सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

"घे," मी व्हिडिओवाल्याला म्हटलं, "पण ह्या वेळी नीट घे." आणि पदर खोचून परत पाटावर बसले.