समोरचीचा वकील

माझ्या नणंदेला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही, असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे. तिला सगळ्या जगाचं भलं झालेलं चालतं, एक समोरची सोडून.

समोरची म्हणजे, नणंदेच्या शिवणाच्या दुकानासमोर जिचं शिवणाचं दुकान आहे ती. नणंदेने तिचं नाव कधी तोंडात घेतलं नाही. मशीनवर बसली की हिचा एक डोळा सुईवर आणि दुसरा रस्त्यापलीकडे. समोरचीने काचेत पुतळा उभा केला तेव्हा हिनेही आणला. तिचा बिनडोक्याचा होता, म्हणून हिने मुद्दाम डोकंवाला घेतला, आणि मग रोज सकाळी दुकान उघडताना त्या डोक्याला बघून स्वतःच दचकायची.

तिने लग्न केलं नाही. भावाच्या घरी, म्हणजे आमच्याकडेच राहिली. दिवसभर दुकानात ट्यूबलाइटखाली, आणि घरी माझ्या नातींच्या खोलीत, अर्ध्या कपाटात. केस पांढरे झाल्यावर एक दिवस म्हणाली, "वहिनी, मी घर घेतेय." वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि मागे गच्ची. ती गच्ची बघून बाई खुळावलीच. "इथे उन्हात बसून काजं करीन. कुणी म्हणणार नाही, आत्या जरा सरका."

आमच्या ह्यांचे कागदपत्र जे बघायचे त्याच वकीलसाहेबांकडे तिने घराचे कागद दिले. थोड्या दिवसांनी आम्ही दोघी पुन्हा गेलो, तर जिन्यात कोण? समोरची. आणि तिला पोचवायला वकीलसाहेब जातीने दारापर्यंत आलेले. "जपून उतरा हं, ताई!"

आम्हाला म्हणाले, "बसा, आलोच."

"ही इथे कशाला?" नणंदेने उभ्यानेच विचारलं.

वकीलसाहेब खुशीत होते. "अहो, त्याही घर घेताहेत! तुमच्याच मालकाकडून, तुमच्या शेजारचंच. एका मजल्यावर दोघी, आहे की नाही गंमत?"

नणंदेच्या चेहऱ्यावर गंमत काही दिसली नाही. तिने हात पुढे केला. "माझे कागद द्या परत."

"का हो? काही चुकलं का?"

"चुकलं माझंच. आणा इकडे."

रस्त्यावर आल्यावर तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "मला नुसतं बसा, आणि तिला दारापर्यंत!"

"अहो वन्सं, ती निघाली होती म्हणून दारापर्यंत. तुम्ही निघाला असता तर तुम्हालाही सोडलं असतं."

"मला नको त्यांचं सोडणं. तिची कामं आधी करून देतील, माझं राहील पडून."

"मग घरही नकोच म्हणा!"

"घर का सोडू? आधी मी पाहिलंय ते!"

नवी वकीलबाई माझ्या थोरल्या नातीएवढी होती. बेकरीच्या वर एक खोली, टेबलावर फायली आणि खालून येणारा पावाचा वास. नणंदेने खुर्चीत बसायच्या आधी विचारलं, "तुमच्याकडे आणखी कुणी शिवणारी येते का?"

"शिवणारी? नाही बुवा."

"मग हे घ्या कागद."

"आधीचा वकील का बदलताय?"

"त्यांना वेळ नसतो," नणंद म्हणाली. मी आपली खिडकीतून बाहेर बघत बसले.

"कशावर सही केलीय का?"

"नाही. नुसतं माप घेतलंय, कात्री लागलेली नाही."

वकीलबाई हसली. "मग बदलायची हीच वेळ. पण मला आधी घर दाखवा. मी जागेवर उभी राहिल्याशिवाय कागद लिहीत नाही."

वकीलसाहेबांनी ते घर बघितलंसुद्धा नव्हतं. मालक तोंडाने सांगेल ते ते लिहायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी गच्चीत उभ्या, मालक दारात. गच्ची कुठून कुठपर्यंत, असं वकीलबाईने विचारताच नणंदेने गळ्यातली टेप काढली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि समोरची आली. तिच्याही गळ्यात टेप.

"तू माझ्या गच्चीत काय करतेयस?" समोरची म्हणाली.

"तुझ्या? तुझी कधीपासून?"

"मालकांनी दिलीय. माझ्या कागदात लिहिलीय, उद्या सही आहे माझी!"

सगळ्यांनी मालकाकडे पाहिलं. मालक आभाळाकडे बघायला लागला.

"दोघींना विकलीत?" वकीलबाई म्हणाली.

"आता दोघींनाही आवडली," तो म्हणाला. "बायामाणसांना नाही कसं म्हणायचं?"

दोघींचे कागद एकाच वकिलाच्या कपाटात होते, पण त्या भल्या माणसाने ते शेजारी शेजारी ठेवून कधी वाचले नव्हते. समोरची मटकन कठड्यावर बसली. तिच्या टेपेला पितळी टोक होतं, ते नणंदेने तेवढ्यातही बघून घेतलं.

मालक मग चढ्या आवाजात बोलायला लागला. गच्चीचं दार जिन्यातून आहे, तेव्हा वापरायची तर दोघींनी वापरा, नाहीतर दोन्ही घरं तिसऱ्यालाच देतो. वकीलबाईने नणंदेला बाजूला घेतलं. "सामाईक म्हणून दोन्ही कागदांत एकसारखं लिहून घेता येईल. नको असेल तर सोडा. तुमची कशावरच सही नाही, काही अडत नाही. आपण दुसरं घर बघू."

नणंदेने टेप बोटांना गुंडाळली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जन्मभर भावाच्या घरात सामाईक राहिले. आता स्वतःच्या घरातही सामाईकच का?"

मी म्हटलं, "नका घेऊ, वन्सं. आपलं घर आहेच की."

तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि कठड्याकडे वळली. "काय गं, तू सोडतेस का?"

"मी का सोडू? आधी मी पाहिलंय!"

"आधी मी!"

"मग तू सोड!"

"हॅं!" नणंद म्हणाली, आणि वकीलबाईला, "लिहा. दोघींची."

समोरचीने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "बाई, माझेही कागद तुम्हीच बघाल का?"

नणंदेची मान अशी वळली की मला वाटलं आता मोडते.

"नाही हो," वकीलबाई म्हणाली. "एका भिंतीच्या दोन्ही बाजू मी बघत नाही. मी ह्यांची."

ह्यांची म्हटल्यावर आमची बाई उंचीला बोटभर वाढली. घर मिळाल्याचा आनंद तिला नंतर झाला, आधी हा झाला.

आता त्या दोघी गच्चीत बसतात, पाठीला पाठ लावून. परवा मी गेले होते. नणंद काजं करत होती. मला जवळ ओढून कानात म्हणाली, "वहिनी, नीट बघ. तिच्या बाजूला ऊन जास्त वेळ राहतं की नाही?"