टीव्हीचं औक्षण

तुपाच्या वातीचा वास आला की मला गुडगावचा तो नवा फ्लॅट आठवतो. घरात केबल नुकतीच आलेली, आणि सकाळपासून टीव्हीवर एका नटाचा वाढदिवस चाललेला. माझाही तोच दिवस हो! आता स्वतःचं औक्षण स्वतः कसं करायचं? म्हणून तबक तयार करून लेकीसमोर ठेवलं नि गप्प बसले, म्हटलं बघू आठवतंय का. ती टुणकन उठली आणि "वा आई, बिल्कुल सही!" म्हणत टीव्हीलाच ओवाळू लागली. हे हसून म्हणाले, "जावई पसंत आहे हं!" मीही हसले. अजून त्या तारखेला लेकीचा फोन येतो, "आई, आज टीव्हीवरच्या जावयाचा बड्डे, विसरलीस ना?" मी म्हणते, "विसरलेच गं."