बाटलीसमोरचा पदर

माझ्या धाकट्या बहिणीच्या रक्तात आजारांशी लढणारी प्रतिपिंडं तयार होत नाहीत. दोनदा न्यूमोनियातून वाचली. आता दरमहा ती प्रतिपिंडं सलाइनसारखी देतात. मागच्या वेळी तिला हुडहुडी भरली, डोकं ठणकलं. म्हणून आज सिस्टर थेंब अगदी सावकाश सोडत होत्या.

"हे औषध येतं कुठून हो?" आईने विचारलं.

"हजारो लोकांच्या रक्तातून काढतात, मावशी."

आईने बाटलीकडे पाहिलं आणि हळूच डोक्यावर पदर घेतला. कॉलेजात मी हे सारं शिकलोय, पण असं वागणं मला सुचलं नसतं.

बहीण हसली. "आई, मला बघायला पाहुणे आलेत का?"

"आलेत की. न बघताच पसंत केलंय तुला."