बँकेतले वडील

साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की मला दुष्काळातले ते निबंध आठवतात. 'माझे वडील' हा विषय अख्ख्या वर्गाने गाइडातून उतरवला, त्यामुळे ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या गावातले सगळे बाप बँकेत साहेब झाले. मी चिडून सगळ्यांना शून्य दिलं. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील चक्क फेटा बांधून शाळेत आले. "गुरुजी, लेकीनं मला साहेब केलं आन् तुमी शून्य कावून दिलं?" "खरं लिहायला सांगा," मी म्हणालो. त्यांनी तिथंच तिला लिहायला बसवलं. तिने वाचून दाखवलं, "माझे वडील ऊस तोडतात. टँकर आला की सगळ्यांशी भांडतात." ते डोकं खाजवत म्हणाले, "गुरुजी, बँकेतलाच बाप बरा व्हता." मी हसत दहापैकी सात दिले, ते लेकीला की बापाला, हे मला अजून सांगता येत नाही.