ताडपत्रीला जागा

समजा, तुम्ही उघड्या ट्रेलरवर रचलेल्या मालाच्या माथ्यावर आहात. जमीन दोन पुरुष खाली. पायाशी घडी केलेली ताडपत्री आहे, भिजलेल्या गादीसारखी जड, आणि ती उलगडत तुम्हाला मागे मागे सरकायचं आहे. पाठीला डोळे नसतात. माल म्हणजे भिंतींना लावायचे जिप्समचे बोर्ड. त्यांच्या दोन गठ्ठ्यांमध्ये पाऊल जाईल एवढी फट असते, आणि ताडपत्री पसरली की ती दिसेनाशी होते. आपणच झाकलेला खड्डा आपणच ध्यानात ठेवायचा. अशात सरोवराकडून वारा सुटतो आणि हातातली ताडपत्री शिडासारखी फुगते. तुम्ही काय कराल?

व्हर्लन टॅकेटला याचं उत्तर ऑरिन स्टिल्टनरने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. वर असताना गुडघ्यांवर राहायचं, उभं राहायचंच नाही. आणि वाऱ्याने मागितली तर ताडपत्री देऊन टाकायची.

"ताडपत्री दुसरी मिळते," ऑरिन म्हणायचा. "तुझ्यासारखा गाढव दुसरा मिळायचा नाही."

व्हर्लन मूळचा केंटकीच्या डोंगरांतला. खाण बंद पडली तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. बायको नेडीन म्हणाली, जमिनीखाली निम्मं आयुष्य काढलंस, आता जरा वर उजेडात काम कर. इतक्या वर चढावं लागेल हे तिलाही ठाऊक नव्हतं. तो ट्रकवर लागला आणि ओहायोत, ईरी सरोवराकाठच्या बोर्डाच्या कारखान्यातून माल नेऊ लागला. ऑरिन त्याच्याच मालकाकडे होता, तोही डोंगरांतलाच, वेस्ट व्हर्जिनियाचा. गालात सूर्यफुलाच्या बिया धरून बोलायचा, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं कळायचं नाही, पण टोमणा असेल तर नेमका कळायचा. व्हर्लनने घातलेली ताडपत्रीची घडी पाहून, नेडीनने रागात अंथरूण फेकलं की ते असंच दिसतं का, असं तो विचारायचा. आणि विचारता विचारता पलीकडच्या बाजूला जाऊन रबरी पट्टे ओढायला लागायचा. या ट्रकवाल्यांत ती रीतच आहे. दुसऱ्याची ताडपत्री चालू दिसली की न बोलावता समोरची बाजू धरायची. आभार कोणी मानत नाही. मानले तर समोरचा अवघडतो.

पूर्वी कारखान्याच्या आवारातच पत्र्याची शेड होती. तीन बाजूंनी भिंती, वर छप्पर. भरलेला ट्रक तिथे लावायचा, वारा बाहेर ठेवायचा आणि सावकाश माल झाकायचा. एकदा एक ड्रायव्हर तिथे घसरला आणि त्याचं कंबरेचं हाड मोडलं. चढणाऱ्याला बांधायला वर दोर आणि पट्टा बसवला असता तर भागलं असतं. पण नियम निघाला की फाटकाच्या आत कोणीही मालावर चढायचं नाही. शेडला साखळी आणि कुलूप लागलं, आत माल रचायच्या रिकाम्या लाकडी फळ्यांचे ढीग आले. फाटकावर पाटी लागली: आमच्या आवारात यंदा एकही अपघात नाही. ती पाटी खरी होती. माणसं आता आवारात पडत नव्हती.

बाहेर मग जागेची शोधाशोध सुरू झाली. पेट्रोलपंपवाल्याने हाकललं. बंद पडलेल्या दुकानाच्या मालकाने आवाराच्या तोंडाशी दगड टाकले. शेवटी रस्त्यालगतच्या विटांच्या चर्चमधल्या पाद्रीबुवांनी सांगितलं की रविवार सोडून केव्हाही या. चर्चची भिंत नेमकी वाऱ्याच्या बाजूला होती. तिच्या आडोशाला उभं राहिलं की सरोवर आहे हेच विसरायला व्हायचं. ड्रायव्हरांनी आपण होऊन एक नियम वाढवला. आत कोणाचा अंत्यविधी चालू असेल तर तिथे ट्रक लावायचा नाही. इंजिनाची घरघर आणि पट्ट्यांचे फटके, अशा वेळी ते बरं दिसत नाही.

त्या ऑक्टोबरमध्ये ऑरिनचा ट्रक आधी भरला. व्हर्लन मागे रांगेत होता. थोड्या वेळाने ऑरिनचा फोन आला की चर्चसमोर काळ्या गाड्या उभ्या आहेत, म्हणून तो पुढे रस्त्याच्या कडेला लावतोय.

"थांब जरा. मी आलोच. दोघं मिळून घालू," व्हर्लन म्हणाला.

"आभाळ तुझ्यासाठी थांबणार आहे का?"

आभाळ खरंच भरून आलं होतं. बोर्डाला पाणी लागलं की त्याचा लगदा होतो, आणि असा माल घेणारा दारातूनच परत पाठवतो. व्हर्लनने फोन ठेवला. रांग पुढे सरकत नव्हती.

तो बाहेर पडला तेव्हा ऑरिनचा ट्रक कडेला उभा होता, माल उघडा, आणि ताडपत्री पलीकडच्या शेताच्या कुंपणावर फडफडत होती. रुग्णवाहिका निघून गेली होती. पाऊस लागला होता. व्हर्लनने आधी स्वतःचा ट्रक लावला, मग कुंपणावरची ताडपत्री ओढून आणली आणि चढून ऑरिनचा माल झाकला. का झाकला, ते त्याला नंतर सांगता आलं नाही. खाली उतरल्यावर चरात त्याला ऑरिनची टोपी दिसली. दुसऱ्या दिवशी ऑरिन गेला.

पलीकडच्या शेतातल्या शेतकऱ्याने पोलिसांना सांगितलं की वाऱ्याने ताडपत्री ओढली तेव्हा माणूस वर सरळ उभा होता. ते ऐकल्यावर व्हर्लनचं दुःख एकीकडे राहिलं आणि राग आला. आयुष्यभर दुसऱ्यांना गुडघ्यांवर बसवणारा माणूस वाऱ्यात उभा राहतो? नेडीनने सांगून पाहिलं की मेलेल्या माणसावर रागावून काय मिळणार. पण हिवाळा सुरू झाला तरी तो राग उतरला नाही. टोपी त्याने गाडीत समोरच्या काचेपाशी ठेवली होती. दिसली की तो तोंड फिरवायचा.

डिसेंबरात तो चर्चच्या आडोशाला ताडपत्री घालत असताना एक वयस्क बाई कॉफीचा थर्मास घेऊन आल्या. त्यांनी नाव सांगितलं, आर्डिथ केसलर. तो खाली उतरेपर्यंत त्या थांबल्या.

"त्या दिवशी आत माझ्या नवऱ्याचा विधी होता," त्या म्हणाल्या. "तुमचा मित्र पडला, हे मला काल कळलं."

व्हर्लनने हातमोजे काढले.

"मी शवपेटीच्या मागच्याच गाडीत होते. आम्ही दफनभूमीकडे निघालो होतो. कडेला एक ट्रक होता, आणि वर एक माणूस गुडघ्यांवर. आमची गाडी जवळ आली तसा तो उठून उभा राहिला. एका हातात ती ताडपत्री होती, दुसऱ्या हाताने त्याने टोपी काढून छातीशी धरली. सबंध रस्त्यात माझ्या नवऱ्यासाठी उभा राहिलेला तो एकटा माणूस. घरी जाऊन मी सगळ्यांना सांगितलं. वाटलं, तुम्हाला कोणीतरी हे सांगायला हवं."

व्हर्लन भिंतीला टेकला. डोंगरातली पोरं हे चालायला लागल्यापासून शिकतात. शवपेटी दिसली की गाडी कडेला घ्यायची, उतरायचं, टोपी काढायची. खाली असता तर ऑरिनने तेच केलं असतं. वर असताना त्याने तेच केलं. इतक्या आठवड्यांचा राग एकदम कुठे ठेवावा, हे व्हर्लनला कळेना.

"तुम्ही इथेच थांबला असता तरी चाललं असतं हो," आर्डिथबाई म्हणाल्या. "आत ऑर्गन चालू होता. तुमचा आवाज कोणाला ऐकू आला असता?"

"तुम्हाला नसता आला, बाई. आम्हाला आला असता."

त्यांनी त्याला कॉफी ओतून दिली. मग त्यांनी विचारलं, कारखान्यात तर छपराची जागा आहे ना? त्यांचा नवरा सांगायचा. व्हर्लन म्हणाला, आहे, पण कुलूप आहे. ते कोणी लावलंय, असं त्यांनी विचारलं. इतकी वर्षं त्याने विचारलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला माल भरून झाल्यावर त्याने ट्रक फाटकाशी थांबवला. ऑरिनची टोपी आता त्याच्या डोक्यावर होती. फाटकावर ट्रूडी असायची. ती म्हणाली, म्हाताऱ्या, मागे रांग लागलीय, लग्नाला मुलगी बघायला थांबलायस का? त्याने शेडचं विचारलं तशी ती ऑफिसात जा म्हणाली. ऑफिसातल्या माणसाने सांगितलं, ते सुरक्षा विभागाचं काम. सुरक्षा विभागातली मुलगी चांगली होती, तिने फोनही करून पाहिला. तिच्या मते ते मुख्य कचेरीचं काम. व्हर्लनने तिथलाही नंबर घेतला. तिथल्या माणसाने नम्रपणे सांगितलं की असे निर्णय कारखान्यातच होतात.

तेव्हापासून तो दर खेपेला विचारतो. भरला ट्रक फाटकाकडे नेताना त्याला शेड दिसते. रिकाम्या फळ्या कोरड्या आहेत, आणि छपराबाहेर त्याच्या बोर्डांवर बारीक बर्फ उतरायला लागलेलं असतं. ट्रूडी आता चेष्टा करत नाही. तो खिडकीची काच खाली करतो आणि तेवढंच विचारतो: त्या कुलपाची किल्ली नेमकी आहे कोणाकडे?