दहाव्या वळणावरचं तळं

आमचे काका सव्वीस वर्षं समुद्रकाठच्या हॉटेलांमधून प्रवासी गोळा करून डोंगरावर नेत होते. मिनीबस, बावीस वळणांचा घाट आणि तोंडपाठ माहिती: आता मागे बघा, समुद्र शेवटचा दिसतोय, आता दहावं वळण, दरीकडे निळं तळं. ही माहिती त्यांना आधीच्या ड्रायव्हरने गाडीच्या किल्लीबरोबरच दिली होती. स्वतः काकांनी यातलं काहीच धड पाहिलं नव्हतं. घाटात ड्रायव्हरने फक्त रस्ता बघायचा, असा त्यांचा खाक्या.

यंदा त्यांच्या डाव्या गुडघ्याने क्लचशी कायमची फारकत घेतली. गाडी विकायची की ताईला द्यायची, असा प्रश्न घरात उभा राहिला. ताई म्हणजे त्यांची मुलगी, माझी चुलतबहीण. तिने चार वर्षं बेकरीची व्हॅन चालवली होती आणि तिला हा रस्ता मनापासून हवा होता. काकांचं म्हणणं, पाव घाबरत नाहीत की उलट्या करत नाहीत, त्यांची गाडी कुणीही चालवील. शेवटी काकूंनी दम भरला तेव्हा ते एका फेरीला तयार झाले. अट एकच: वाटेत त्यांना एकदा जरी ‘ब्रेक’ म्हणावं लागलं, तर गाडी विकायची.

साक्षीदार म्हणून मला त्यांच्या मागच्याच सीटवर बसवलं होतं. काका पुढे ताईशेजारी, एक हात डॅशबोर्डवर, उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबलेला. पहिल्याच चौकात त्यांनी तोंड उघडलं, पण ताईने आधीच गाडी थांबवली होती, तेव्हा त्यांना ती जांभई म्हणून खपवावी लागली. घाट सुरू झाल्यावर अशा पाचसहा जांभया तरी झाल्या असतील. मला हसू येत होतं आणि काकांचा रागही. ताईच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

दहावं वळण आलं. काकांनी सवयीने जाहीर केलं, दरीकडे बघा, निळं तळं. सगळ्यांनी माना वळवल्या. हातात स्टिअरिंग नसल्यामुळे असेल, काकांनीही वळवली.

तिकडे झाडं होती. उंच, दाट, एकाला एक खेटून. तळं सोडाच, दरीचासुद्धा पत्ता नव्हता. मागची एक आजीबाई “वा, काय सुंदर आहे” म्हणाली आणि तिच्या नवऱ्याने झाडांचा फोटो काढला.

काकांनी काच खाली करून मान बाहेर काढली. मग हळूच ताईला विचारलं, “तळं कुठे गेलं?”

“मी शाळेत होते तेव्हापासून दिसत नाही ते,” ताई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही इतक्या हौसेने दाखवायचात, बाबा. आणि लोकांचीही कधी तक्रार नव्हती.”

काका आधी ओशाळले, मग पोट धरून हसले. त्यानंतर मात्र ते जे बघत सुटले, त्याला सुमार नाही. रस्त्याखालून उड्या मारत जाणारा ओढा, दगडी पूल, उतारावर कुणी वाळत टाकलेल्या चादरी. हे केव्हापासून आहे, ते केव्हापासून आहे, असं विचारून त्यांनी ताईला भंडावून सोडलं. ती गिअर बदलता बदलता उत्तरं देत होती. अठराव्या वळणावर समोरून लाकडांचा ट्रक आला. ताईने गाडी कडेला घेतली, त्याला जाऊ दिलं आणि पुन्हा निघाली. तेव्हा काका एका घराच्या छपरावर चढलेली शेळी मला दाखवत होते.

वर पोचल्यावर प्रवासी उतरले आणि काकूंचा फोन आला. किती वेळा ‘ब्रेक’ म्हणालात, एवढंच त्यांनी विचारलं. ताई स्टिअरिंग धरूनच बसली होती. काकांनी खरंच मोजत असल्यासारखी बोटं दुमडली.

“अगं,” ते म्हणाले, “अर्ध्या घाटात मी रस्त्याकडे बघितलंच नाही.”

ताईने स्टिअरिंगवरचे हात काढले आणि ती रडायला लागली.