यमक माणसाला लावायचं

"नाव मागनं सांग, मानूस सांग पयला," असं म्हणत ती हातातला तराजू खाली ठेवायची.

पनवेलच्या बाजारात सुक्या मासळीच्या ओळीत तिसऱ्या जागेवर बसणारी ही मावशी तुम्हीही पाहिली असेल. घासाघीस करून तिच्याकडून बोंबील घेतलेही असतील. पण आसपासच्या गावांत हळदीची गाणी बांधावीत तर तिनेच, हे बाजारात फार थोड्यांना ठाऊक होतं. मी ऑफिसात फायली रेटणारा, पण गावच्या बँडसाठी गाणी लिहायची मला हौस. यमक अडलं की जेवणाच्या सुट्टीत तिच्यापुढे उकिडवा बसायचो.

आमच्याकडे हळदीच्या गाण्यात जवळच्या प्रत्येक नातलगाचं नाव यावं लागतं, शोभेल अशा ओळीसकट. एखाद्याचं राहिलं तर तो न जेवता घरी जातो आणि पुढची दहा वर्षं ते उकरून काढतो.

मी वहीत यमकांच्या माळा लावून ठेवायचो. पाणी, राणी, गाणी. त्या वाचून दाखवल्या की ती शांतपणे म्हणायची, "बरं हाय. पन यात मानूस कुटं हाय?" मला राग यायचा. मग बोंबील जोखता जोखता ती एक ओळ म्हणायची आणि माझी वही मुकाट्याने पिशवीत जायची.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा थोरला भाऊ, दगडूदादा, माझ्याशी बोलत नव्हता. शेताच्या बांधावरून सहा वर्षं अबोला. पत्रिका घेतली आणि "बगू" एवढंच म्हणाला. गाण्यात त्याचं नाव नीट आलं नाही, तर दादा कायमचा तुटणार होता. आणि दगडूला यमकं तरी कुठली? रडू, झगडू, बिघडू.

ही यमकं ऐकून मावशी पोटभर हसली. मग म्हणाली, "तुज्यासाटी काय केलंय त्यानं?"

पावसाळ्यात खाडीकाठच्या खाजणात पाणी भरायचं, तेव्हा तो मला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचा. स्वतःची शाळा त्याने चौथीतच सोडली होती. हे मी तिला सांगितलं.

"मंग नाव मदी टाक," ती म्हणाली. "यमक खांद्याला लाव."

हळदीच्या संध्याकाळी दादा आला खरा, पण मांडवाबाहेर मोटारसायकलला टेकून उभा राहिला. ढोलकीशेजारी पाटावर बसलेल्या मावशीने त्याच्याकडे बघतच सूर धरला:

"शाला शिकला भाऊ दगडूदादाचे खांद्यावर,
पोरीला लागली हलद, काका का रं बांधावर?"

बायकांनी ओळ उचलली. तिसऱ्या खेपेला दादाने चपला काढल्या, आत आला, पुतणीला हळद लावली आणि उरलेली माझ्या तोंडाला फासली. मला रडू आलं. म्हणजे माझं ते यमकही वाया गेलं नाही.

तिचं नाव गाण्यात घालू का, असं मी एकदा विचारलं होतं. "गानारनीचं नाव गान्यात नसतं," ती म्हणाली. म्हणून इथेही घेतलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. यंदा दादाच्या मुलाची हळद होती. गाणं मी एकट्याने बांधलं, एकेक माणूस आठवत. सगळी नावं घेऊन झाली, तसा दादा उठला आणि ढोलकीवर हात ठेवून त्याने ती थांबवली. ढोलकीशेजारी त्याने सकाळीच एक पाट मांडून ठेवला होता, आणि दिवसभर त्यावर कोणाला टेकू दिलं नव्हतं. जन्मात कधी न गायलेला माझा भाऊ बेसूर आवाजात म्हणाला,

"मावशे, तुजा पाट हाय गो इतं. कोनी बसला नाय."

त्या ओळीला यमक नव्हतं. बायकांनी ती तशीच उचलली.